करमाडच्या वाटेवरची शमा

मी या सदराचा जुना वाचक. पण आजवर नुसता वाचत आलो आणि खरं सांगायचं तर हसत आलो. कुणाला पिंपळाखाली बाई दिसली, कुणाच्या गच्चीवर पावलं वाजली... वाचायचं, बायकोला वाचून दाखवायचं आणि विसरून जायचं. मी कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. मोजल्याशिवाय कुठल्याही पार्टला ओके म्हणायचं नाही, हे अंगात मुरलंय. आमच्या घरात अंगारे-धुपारे कधीच नव्हते. वडिलांनी लहानपणी बुद्धवंदना शिकवली आणि त्याच दमात ‘पटल्याशिवाय मानू नको’ हेही शिकवलं. तेव्हा खाली जे लिहितोय ते भूतखेत म्हणून लिहीत नाही. काय म्हणून लिहितोय तेच मला कळत नाही, म्हणून तर इथं लिहितोय.

आम्ही संभाजीनगरात पुंडलिकनगरला राहतो. तळमजला, पुढं चिंचोळं अंगण, लोखंडी गेट. घरात मी, बायको वंदना आणि आई. मुलगी पुण्याला शिकते. माझी कंपनी शेंद्र्याला, म्हणजे रोज जालना रोडनं जाणं-येणं.

आई सरकारी नर्स होती. करमाडच्या आसपासच्या खेड्यांत आणि वस्त्यांवर तिनं सगळी नोकरी काढली. नाव सुमन, पण तिकडं तिला सुमन कुणी म्हटलंच नाही. ‘सिस्टर’. लहान पोरांपासून सरपंचापर्यंत सगळ्यांची सिस्टर. बैलगाडीतून, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून, नाहीतर सरळ पायी ती बाळंतपणाला जायची. परत आली की आधी चहा मागायची आणि मग सांगायची — पोरगी झाली, नाहीतर पोरगा झाला, दोघं खुशाल हायेत.

गेल्या काही वर्षांत आईचं एकेक नाव गळत गेलं. आधी शेजाऱ्यांची, मग नातेवाइकांची, मग वंदनाचं आणि शेवटी माझं. वंदनाला ती ‘ताई’ म्हणते, मला ‘साहेब’. मी तालुक्याहून तपासणीला आलेला कुणी अधिकारी आहे, असं तिला वाटत असावं. एवढं सगळं गेलं, पण ड्यूटी तेवढी राहिली. रोज सकाळी पांढरी साडी नेसायची, पिशवीत टॉवेल, साबण, धुतलेली फडकी भरायची आणि गेटपाशी जाऊन उभी राहायची.

“आई, कुठं निघालीस?”

“ड्यूटी हाय ना साहेब. बाई अडलीय तिकडं.”

डॉक्टरांनी सांगितलं होतं, वाद घालू नका, ‘तू रिटायर झालीस’ असं सारखं सांगू नका, तिला दरवेळी नव्यानं धक्का बसतो. मग करायचं काय? गेटला कुलूप लावलं की ती रडायची. एका सकाळी मला कंपनीत जायची घाई, आई गेट सोडेना... आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, “आई, तुला न्यायला शमाची रिक्षा येणार आहे. तोवर चहा घे.”

आई लगेच वळली. “शमाची? मग ठीक हाय.” आणि चहाला बसली.

आता ही शमा कोण? कुणी नाही. आमच्या ओळखीत, नात्यात, ऑफिसात या नावाची एक बाई नाही. तोंडाला आलं ते नाव. पण लागू पडलं म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी परत तेच सांगितलं, तिसऱ्या दिवशीही. हळूहळू या शमाच्या गोष्टीच तयार झाल्या. संध्याकाळी आई जेवायला त्रास द्यायची, तेव्हा मी सांगायचो — शमा रिक्षा चालवते, कुणाला भीत नाही, ओढ्याला पाणी असलं तरी सिस्टरला पलीकडं नेते. एक घास, एक वाक्य. गोष्टीच्या शेवटी बाळ रडायचं आणि आईचं ताट रिकामं व्हायचं.

आई मध्येच मला दुरुस्त करायची. “पाणी आधी तापवाय ठेवाय पाहिजे ना साहेब, मग मी पोचणार!” किंवा विचारायची, “लई जोरात चालवती व्हय ती?” मी म्हणायचो, व्हय. “मग सांगा तिला. पेशंटला दचके बसत्यात.” गोष्टीतली सिस्टर शमाला ‘शमे’ म्हणते, हे पण आईनंच ठरवलं. मी शमाताई म्हणालो होतो, तर तिला आवडलं नाही. “माझ्याहून लहान हाय ती. ताई कसली?”

वंदना हसायची. म्हणायची, “तुमच्या शमाला एकदा जेवायला बोलवा की.”

...आणि मग गेल्या उन्हाळ्यातला तो दिवस.

मे महिना. आमच्याकडचं ऊन माहीत असेल त्यालाच माहीत. सकाळी दहानंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. मी कंपनीत होतो. वंदनाचा फोन आला. नुसता श्वास ऐकू येत होता.

“आई घरात नाहीत.”

ती कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली होती. गॅसवाला येऊन गेला होता, त्यानंतर गेटला कुलूप लावायचं राहिलं. आई नाही, पिशवी नाही.

मी गाडी काढली आणि जालना रोडनं शहराकडं सुसाट निघालो. नंतर हिशेब केला, तिला घेऊन एसटी त्याच वेळी उलट्या दिशेनं, माझ्या समोरून गेली असणार. मी तिच्यापासून लांब लांब चाललो होतो आणि मला वाटत होतं की मी तिला शोधायला निघालोय.

घरी पोचलो. गल्लीतली माणसं चौकात जमली होती. कुणी बागेत बघून आलं, कुणी विहारात, कुणी भाजी मार्केटात. पोलीस स्टेशनला फोटो दिला. व्हॉट्सॲपच्या प्रत्येक ग्रुपवर टाकलं — पांढरी साडी, हातात खाकी पिशवी, स्वतःला सिस्टर म्हणवते. डोक्यावर आग ओकणारं ऊन, शहात्तर वर्षांची बाई, बरोबर पाण्याची बाटली नाही. मी मोटारसायकलवर गल्ल्या पालथ्या घालत होतो आणि मनात एकच — कुठंतरी सावलीत बस गं, एवढंच कर, सावलीत बस.

तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. मागं गोंगाट होता. एक बाई, दमलेला आवाज.

“हॅलो... तुम्ही सिस्टरचे पोरगं व्हय? अम्माच्या पिशवीला आतून कापड शिवलंय, त्यावर नंबर मिळाला.”

मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, “घाबरू नक्को भाऊ. अम्मा एकदम ठीक आहे. बाळ पण ठीक आहे.”

मी म्हणालो, “कुठलं बाळ?”

“अरे! अम्मानंच तर काढलं ना! माझ्या रिक्षात.”

मी गाडी बाजूला घेतली.  करमाडच्या सरकारी दवाखान्यात या, असं ती म्हणाली. एका मित्राला त्याच्या कारसकट बोलावलं, वंदनाला घेतलं आणि आलो तसा परत जालना रोडला लागलो.

दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर आई बसलेली. पांढऱ्या साडीवर रक्ताचे डाग, बाह्या वर सारलेल्या, हातात चहाचा ग्लास. चेहरा... तो चेहरा मी लहानपणी पाहिला होता. काम फत्ते करून आलेल्या सिस्टरचा. मी जाऊन तिच्यासमोर गुडघ्यावरच बसलो. तिनं मला नीट बघितलं आणि विचारलं, “तुम्ही पेशंटचे कोण?”

मला हसू आलं आणि त्याबरोबरच रडू. वंदनानं तिला मिठी मारली. आई म्हणाली, “ताई, जरा सांभाळून. चहा सांडंल.”

आतून डॉक्टर आल्या. तरुण मुलगी. म्हणाल्या, “या तुमच्या आई? बाळाच्या मानेला नाळेचा वेढा होता. त्यांनी तो बोटानं अलगद काढलाय. नाळ तिथं कापलीही नाही, बाळाला आईच्या पोटावर पदराखाली घेऊन सरळ इथं आणलं. अगदी असंच करायला हवं होतं.” मी म्हणालो, “डॉक्टर, हिला माझं नाव आठवत नाही.”  त्या आईच्या हातांकडंच बघत राहिल्या.

मग रिक्षावालीला भेटलो. तिशीची असेल. बुरखा नाही, डोक्यावर ओढणी घट्ट बांधलेली, अंगात खाकी शर्ट. बादलीतल्या पाण्यानं रिक्षा धूत होती. नवऱ्याचा पाय मोडल्यापासून रिक्षा तीच चालवते. शेंद्र्याच्या एका कंपनीतल्या बायकांना सकाळी सोडते, संध्याकाळी आणते. दुपारी करमाडजवळच्या वस्तीवर घरी असते. मी हात जोडले. म्हणालो, “तुमचे उपकार कसे फेडू? नाव तरी सांगा.”

तिनं ओल्या हातानं घाम पुसला. “शमा.”

वंदनानं माझं मनगट धरलं. एवढं जोरात, की नखं रुतली.  

शमाला वाटलं आम्हाला ऐकू आलं नाही. “शमा,” ती परत म्हणाली. “अम्मानं सांगितलं नाही का? ती तर मला ओळखते.”

“ओळखते?”

“हौ ना. तुम्हालाच विचारणार होते मी, ही मला कशी ओळखते म्हणून. नावानंच तर बोलावली.”

तिनं सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. तिच्या वस्तीवरची मुक्ता नावाची पोरगी, पहिलटकरीण, दिवस भरायला अजून वेळ होता आणि अचानक कळा सुरू झाल्या. दवाखान्याची गाडी दुसरा पेशंट घेऊन शहरात गेलेली. मुक्ताची सासू धावत शमाकडं आली. दोघींनी पोरीला रिक्षात आडवं केलं आणि निघाल्या. वस्तीपासून पुढं गेलं की वाट फुटते. उजवीकडची पाझर तलावाच्या कडेनं जाते, ती जवळची. डावीकडची जुनी वाट, लांबची, पुढं हायवेला मिळते.

“मी तर उजवीकडं हँडल वळवलं पण होतं,” शमा म्हणाली. “मागं पोरगी ओरडतेय, सासू रडतेय, इंजिनचा आवाज... आणि तेवढ्यात हाक आली. ‘शमेऽऽ! इकडं!’ डावीकडून. एकदम कानात. देखो भाऊ, मला घरात शम्मू बोलतात, बाहेर शमाबाजी, म्हणजे ताई, बोलतात. ‘शमे’ असं मला उभ्या जिंदगीत कोणी बोललं नाही. मी का वळले मला माहीत नाही. हातच वळला.”

डाव्या वाटेनं बरंच पुढं गेल्यावर, वळण ओलांडल्यावर, कडुलिंबाच्या झाडाखाली एक म्हातारी उभी दिसली. पांढरी साडी, हातात पिशवी. शमानं ब्रेक मारला. म्हातारी रागावलेली.

“इतका उशीर व्हय शमे? सरक. मी मागं बसते.”

आणि बसली. सासूला म्हणाली, रडू नको, पाठ धर तिची. मुक्ताला म्हणाली, माझ्याकडं बघ, मी सिस्टर हाय, आता जोर नको लावू, मी सांगंल तेव्हा लाव. शमाला म्हणाली, थांबव गाडी, आता पोचत नाय आपण. सासूनं आणि शमानं दोन्ही बाजूंनी ओढण्या-पदर धरले. त्या लिंबाच्या सावलीत, रिक्षात, आईनं ते बाळंतपण केलं. बाळ आधी रडलं नाही. निळसर पडलं होतं, शमा म्हणाली, मी तर आँखें बंद केली. आईनं त्याचं तोंड पुसलं, पाठ चोळली, तळव्यावर टिचकी मारली. आणि मग ते रडलं.

“ऐसा रोया भाऊ, ऐसा रोया,” शमा सांगत होती आणि तिच्याच डोळ्यांतून पाणी वाहत होतं, “मी पण रडले, सासू पण रडली. फक्त अम्मा हसत होती. आणि माझ्या पाठीवर थाप मारून काय बोलली माहितीय? आता हळू चालव, पेशंटला दचके बसत्यात.”

मुलगी होती. दोघी खुशाल.

परत निघताना आई माझ्या मित्राच्या कारमध्ये बसायला तयार होईना. “मी शमाच्या रिक्षातच येणार. नेहमी तीच नेती मला.” शमानं फोन करून कंपनीतल्या बायकांसाठी दुसरी रिक्षा लावली आणि म्हणाली, “चलो अम्मा.” मग काय... पुढं शमाची रिक्षा, मागं आमची वरात. जालना रोडनं उतरत्या उन्हात आम्ही शहरात आलो. आई मागच्या सीटवर मधोमध बसली होती, ताठ, पिशवी मांडीवर. व्हॉट्सॲपवर बातमी आमच्या आधी पोचली होती. गल्लीच्या तोंडापासून माणसं उभी. सकाळपासून तिला शोधत उन्हात फिरलेली तीच माणसं. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या आणि सगळी गल्ली टाळ्या वाजवायला लागली. समोरच्या बिल्डिंगच्या गॅलऱ्यांतून बायका ओरडत होत्या, सिस्टर, सिस्टर! आई खाली उतरली, सगळ्यांकडं बघितलं आणि म्हणाली, “पोरगी झाली. दोघी खुशाल हायेत.” मग वंदनाकडं वळून — “ताई, चहा.”

त्या रात्री शमा आमच्याकडं जेवली. वंदनानं वाढता वाढता तिला आमच्या गोष्टीतली शमा सांगितली. शमाचा हात ताटातच थांबला. म्हणाली, “म्हणजे मी तुमच्या घरात आधीपासून येत होते.”

आता तुम्ही जे म्हणाल ते मी स्वतःला म्हणून बघितलंय. दोन अक्षरी नाव. शमा, सना, हिना, रमा, उमा, अशी नावं प्रत्येक गल्लीत सापडतात. सिरियलमधल्या बाईचं आणि शेजारणीचं नाव एक निघालं तर आपण हसून सोडून देतो. बरोबर. आई कुठल्याही रिक्षावालीला शमाच म्हणाली असती. हेही बरोबर. पण मग त्या वाटेवर, त्याच वेळी, नेमकी शमाच का आली?

वाटलं, शमाचा जन्म नाहीतर तिचं बाळंतपण आईच्या हातचं असेल, म्हणून कुठंतरी ओळख असेल. तर शमा परभणीकडची. लग्न करून इकडं आली तेव्हा आई रिटायर झाली होती. वाटलं, मी शेंद्र्याला जातो, येता-जाता हे नाव माझ्या कानावर पडलं असेल आणि डोक्यात राहिलं असेल. असेल. हे मी मान्य करायला तयार आहे. आईचे हात चालले, त्याचंही डॉक्टरांनी सांगितलं, हातांची आठवण वेगळी असते, ती शेवटपर्यंत टिकते. पटलं. एसटीनं करमाडला उतरून ती जुन्या पायवाटेनं सवयीनं चालत गेली, तेही पटलं.

पण हाक?

एका रविवारी आम्ही तिथं गेलो. क्वालिटीवाला माणूस, तपासल्याशिवाय चैन पडत नाही. वंदना लिंबाखाली उभी राहिली. मी शमाच्या रिक्षात, वाट फुटते तिथं. तिथून लिंब दिसतसुद्धा नाही, मध्ये वळण आणि उसाचं शेत. फोनवर ठरवून वंदना घसा फाटेस्तोवर ओरडली. काही ऐकू आलं नाही. इंजिन बंद करायला लावलं. परत ओरडली. नुसतं वारं. आणि आईचा आवाज तर आता असा झालाय की शेजारच्या खोलीतून हाक मारली तरी मला उठून जावं लागतं. मुक्ताच्या सासूला वेगळं गाठून विचारलं. ती म्हणाली, “आली ना हाक! मी बी ऐकली. मला वाटलं, हिच्या वळखीची कोन तरी हाय.” आणि तिनंच सांगितलं, की तलावाकडच्या वाटेवर त्या दिवशी पाइपलाइनसाठी चर खणलेली होती, आडवी. रिक्षा तिथं अडकली असती.

 कंपनीत असतो तर तपासणीच्या रिपोर्टवर लिहायला माझ्याकडं एकही कारण नव्हतं. ओकेही नाही आणि रिजेक्टही नाही.

बारशाला आम्हाला बोलावलं होतं. वस्तीवर मांडव, लाउडस्पीकर, बुंदी. पोरीचं नाव सुमी ठेवलं. आईच्या मांडीवर तिला दिलं. आईनं टाळू चाचपली, डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या, मुक्ताला विचारलं, दूध पुरतंय का, लोहाच्या गोळ्या घेतीस का. बायका एकेक करून पाया पडायला येत होत्या आणि ती प्रत्येकीला काहीतरी सांगत होती. आणि जे सांगत होती ते सगळं बरोबर होतं. शमा तिच्या शेजारी बसून बुंदी खात होती.

आईची तब्येत आता उतरत चाललीय, खोटं कशाला बोलू. पण ती आता गेटपाशी रडत नाही. शमा सुट्टीच्या दिवशी येते, तिला रिक्षात बसवून चौकापर्यंत चक्कर मारून आणते. आई येऊन सांगते, ड्यूटी झाली.

परवा शमा गेल्यावर मी आईच्या शेजारी बसलो. ती बरी होती, डोळ्यांत ओळखीसारखं काहीतरी होतं. म्हटलं, एकदा विचारून तर बघू. “आई, त्या दिवशी त्या रस्त्यावर... ती शमाच आहे, हे तुला कसं कळलं?”

आईनं माझ्याकडं असं बघितलं, की साहेब झाले तरी कसं कळत नाही यांना.

“तिचं नाव शमा हाय,” आई म्हणाली. “मग दुसऱ्या कोणच्या नावानं हाक मारणार?”